पायडलपासून मोजायची उंची

सायकलच्या सीटची उंची पायडलपासून मोजायची असते, जमिनीपासून नव्हे. पाऊल कुठे टेकवावे, गुडघा किती वाकावा, जोर कधी लावावा हे सारे या एका मापानंतर येते. सायकल दुरुस्तीच्या कामात वर्षे काढलेल्या माणसाला हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गिऱ्हाईक दुकानात सीटवर बसते, दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतात का ते पाहते आणि टेकले की म्हणते, "बरोबर आहे, एवढीच राहू द्या." तेव्हा सायकल उभी असते. ती चालू लागल्यावर त्या पायांचा जमिनीशी काही संबंध उरत नाही, संबंध असतो तो पायडलशी.

तळवली हे नवी मुंबईत घणसोली आणि रबाळे यांच्या मधले गाव. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. गावठाणातल्या खोल्यांमध्ये राहणारे कामगार, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, पेपर टाकणारी मुले, शाळेत जाणाऱ्या मुली या पट्ट्यात रोज सायकल चालवतात. पहाटे पामबीच रस्त्यावर व्यायामासाठी निघणारे वेगळे. दोघांच्या सायकलींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण गुडघे सारखेच असतात आणि दुखण्याची कारणेही बहुतेक वेळा सारखीच निघतात.

सीट फार खाली असली की पायडल तळाला गेल्यावरही गुडघा बराच वाकलेला राहतो आणि पायडल वर येताना तो पोटाकडे घुसतो. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितकी जोर लावताना त्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. मिनिटाला ६० फेरे धरले, तरी अर्ध्या तासाच्या वाटेत प्रत्येक पायावर १,८०० वेळा हा दाब येतो. कामावर जाणे आणि परतणे मिळून रोज तासभर अर्ध्या उठाबशा काढाव्यात, असा हा प्रकार आहे. मांडीचा पुढचा स्नायू लवकर भरून येतो, आणि चालवणाऱ्याला वाटते की आपले वय झाले.

महापेच्या एका कारखान्यावर रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक सायकलला गिऱ्हाईक आहे का, असे विचारत दुकानात आला होता. वय चाळिशीच्या पुढे. जिना उतरताना दोन्ही गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला कळ येई, म्हणून सायकल काढून टाकायची ठरवली होती. सायकल उत्तम स्थितीत होती, फक्त सीटचा पिलर नळीत पुरता आत गेलेला होता. सीट दोन बोटे वर केली तर तो बसायलाच घाबरला. उंच वाटते, पडेन म्हणाला. त्याला आठवडाभर तशीच चालवायला सांगितली, मग आणखी दोन बोटे वर घेतली. कळ एका रात्रीत गेली नाही, पण हळूहळू ओसरत गेली आणि सायकल विकायचा विषय निघाला नाही. एकदम सगळी उंची वाढवली असती तर त्याने पहिल्याच सिग्नलला ती परत खाली करून घेतली असती. शरीराला जुन्या चुकीची सवय झालेली असते, म्हणून बदल नेहमी थोडा-थोडा करावा.

उलटी चूकही पाहायला मिळते, विशेषतः जुन्या काळ्या सायकलवर. ती २८ इंची चाकांची, २४ इंची सांगाड्याची, वर आडवी नळी आणि स्प्रिंगची रुंद सीट असलेली सायकल. अशा सायकलवर बुटका माणूस बसला की सीट तळाला बसवूनही त्याला उंचच पडते. पायडल खाली जाताना तो कंबर एका बाजूला झुकवतो, दुसऱ्या फेऱ्यात दुसऱ्या बाजूला. मागून पाहिले की सीटवर त्याची बैठक डावी-उजवीकडे डुलताना स्पष्ट दिसते. अशा माणसाची तक्रार गुडघ्याच्या मागच्या बाजूची, टाचेच्या शिरेची किंवा जांघेत कातडे सोलवटल्याची असते. त्याला सांगाडाच लहान लागतो. सीटच्या खाली-वर करण्याला मर्यादा आहे आणि चुकीच्या मापाचा सांगाडा कितीही खटपट केली तरी बरोबर होत नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे लागते. नवी सायकल घेणाऱ्याने म्हणूनच रंग आणि गिअर पाहण्याआधी सांगाड्याचे माप पाहावे.

उंची ठरवण्याची सर्वांत सोपी रीत टाचेची आहे. सायकल भिंतीला टेकवून किंवा कोणाला तरी धरायला लावून सीटवर सरळ बसावे. रोज जी चप्पल किंवा बूट घालतो तोच पायात असावा, कारण तळाच्या जाडीने माप बदलते. टाच पायडलवर ठेवून पायडल उलटे फिरवत तळाला न्यावे. तिथे पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर झुकता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. हा वाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा, असे जाणकार मानतात. दुकानात कोन मोजण्याचे साधन नसले तरी बाजूला उकिडवे बसून पाहणाऱ्या सरावलेल्या डोळ्याला तो कळतो. पाय ताठ दिसत नाही, पण वाकलेलाही वाटत नाही, अशी ती अवस्था असते.

गणितानेही माप काढता येते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांच्या मध्ये एक जाडसर पुस्तक सीटसारखे वर दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजावे. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी या अंतराच्या १०९ टक्के इतके माप तळाला गेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे असे सुचवले. पुढे फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकेचे शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे दुसरे सूत्र पसरले. पायाचे तेच माप ०.८८३ ने गुणायचे आणि येणारे अंतर क्रँक, म्हणजे पायडल धरणारी भुजा, ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत धरायचे. पायाचे माप ७५ सेंटिमीटर आणि क्रँक १७ सेंटिमीटर धरून दोन्ही सूत्रे मांडली तर त्यांच्या उत्तरांत सुमारे दीड सेंटिमीटरचा फरक निघतो. दीड सेंटिमीटर म्हणजे गुडघ्याच्या दृष्टीने पुष्कळ. त्यामुळे सूत्राचे उत्तर हे सुरुवातीचे माप समजावे आणि शेवटचा निर्णय पायावर सोडावा. कागदावरच्या आकड्यासाठी दुखणे अंगावर काढणारे हौशी चालक कमी नाहीत.

दुखते कुठे यावरून चूक कुठे आहे याचा अंदाज येतो. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते, किंवा चालवणारा जड गिअर ओढत असतो. मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर सीट उंच किंवा फार मागे असते. बाहेरच्या किंवा आतल्या बाजूचे दुखणे बहुतेकदा पावलाच्या दिशेशी जोडलेले असते. हे फक्त अंदाज आहेत. सूज आली असेल, गुडघा अडकत असेल किंवा विश्रांतीतही दुखत असेल, तर पाना बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरकडे जावे.

आता पाऊल. पायडलवर चवडा असावा, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेला तळव्याचा रुंद, भरीव भाग. पायडलचा दांडा साधारण त्याच्या खाली किंवा किंचित मागे यावा. चवड्यावर जोर लावला की घोटा आणि पोटरी दोन्ही कामात येतात. नुसत्या बोटांवर पायडल मारणाऱ्याची पोटरी आणि टाचेची शीर ताणली जाते. टाचेने किंवा पावलाच्या खोलगट भागाने मारणाऱ्याचा घोटा फारसा हलत नाही. चढावर किंवा झटकन वेग घेताना त्याला ते जाणवते, पण सपाट वाटेवर सावकाश जाताना त्याने फार बिघडत नाही. लांब पल्ल्याचे काही चालक तर टाचेच्या शिरेवरचा ताण कमी करण्यासाठी पाऊल मुद्दाम पुढे सरकवून ठेवतात. तेव्हा चवड्याचा नियम शिकवावा, पण टाचेच्या दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला तो नियम पाळायला लावू नये.

तळवलीत बहुतेक जण रबरी चपलेवर सायकल चालवतात. चपलेचा तळ मऊ असतो. जोर लावला की तो पायडलभोवती वाकतो आणि पायडलची कड तळव्यात रुतते. पावसाळ्यात ओल्या चपलेवरून पाऊल पुढे घसरते. मग चपलेचा अंगठा पकडून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळलेली राहतात आणि थोड्या वेळाने पावलात गोळे येतात. कॅनव्हासचे साधे, जरा कडक तळाचे बूट आणि रबराचे रुंद पायडल एवढ्यानेच यातले निम्मे त्रास जातात. लोखंडी दातेरी पायडल चपलेला चांगले धरते खरे, पण घसरले की नडगी फोडते. पेपर टाकणाऱ्या मुलांच्या नडग्यांवर त्या दातांच्या जुन्या खुणा दिसतात.

पावलाची दिशा प्रत्येकाची वेगळी असते. उंच बाकावर बसून पाय मोकळे सोडले की ज्याची बोटे जिकडे वळतात, तीच त्याची नैसर्गिक दिशा. कोणाची थोडी बाहेर, कोणाची सरळ, क्वचित कोणाची आत. पायडलवरही पाऊल तसेच राहू द्यावे. दोन्ही पावले अगदी सरळ रेषेत ठेवण्याचा हट्ट करणाऱ्यांचे गुडघे पिळले जातात. मात्र फेरा मारताना गुडघा पावलाच्या रेषेत वर-खाली व्हावा. तो बाहेर फेंगडत असेल तर सीट खाली आहे का ते आधी पाहावे. खाली बसलेल्या माणसाचे गुडघे पोटाला आणि हँडलला लागतात, म्हणून ते वाट काढत बाहेर जातात. सीट वर घेतली की निम्म्या जणांचे फेंगडणे न सांगता थांबते. पायडलला कुलपासारखे अडकणारे बूट वापरणाऱ्यांनी दिशेकडे जास्त लक्ष द्यावे, कारण तिथे पाऊल आपणहून सरकत नाही. त्या बुटांच्या तळाची पट्टी किंचित चुकीच्या कोनात बसली तर तीच चूक हजारो फेऱ्यांत होत राहते.

सीट पुढे-मागे करण्यासाठी गवंड्याचा ओळंबा कामी येतो. सीटवर बसून दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करावेत आणि पुढच्या पायाच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावरून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या दांड्यावर आला की जागा ठीक. अमेरिकी सायकल कारागीर कीथ बाँट्रेगर यांनी या रीतीला शास्त्रीय आधार नाही हे फार पूर्वी दाखवून दिले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही पहिल्यांदा सीट लावताना कुठून तरी सुरुवात करावी लागते आणि ओळंबा ती जागा देतो. नंतर हातांवर फार भार येत असेल तर सीट मागे, मांड्या पुढे घसरत असतील तर तिचे नाक थोडे वर, असे चालवणाऱ्याच्या तक्रारीप्रमाणे जुळवत जावे. सीट मागे सरकली की पायडलपासून ती लांब जाते, म्हणजे उंची वाढल्यासारखेच होते, हे विसरू नये.

सीट आणि पाऊल दोन्ही बरोबर असून एकच पाय दुखत असेल तर सायकलचा दोष शोधावा. पडलेल्या सायकलचे पायडल किंवा त्याचा दांडा वाकलेला असतो आणि प्रत्येक फेऱ्यात पाऊल आत-बाहेर कलते. नजरेला ते सहज दिसत नाही. पायडलवर हलका हात ठेवून क्रँक उलटा फिरवला की तळहाताला कळते. काळ्या सायकलींमध्ये क्रँक कॉटर पिनेने बसवलेले असतात. दोन्ही कॉटर परस्परविरुद्ध दिशांनी बसायला हवेत, म्हणजे क्रँक आडवे असताना एकाचा नट वर तर दुसऱ्याचा खाली. घाईत दोन्ही एकाच दिशेने ठोकले तर दोन क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत. एका दूधवाल्याची तक्रार होती की डावा पाय कायम मागे पडल्यासारखा वाटतो. त्याची सीट आधी दोन ठिकाणी खाली-वर करून झाली होती. दोष कॉटरमध्ये होता. डावीकडचा काढून उलट्या दिशेने बसवला आणि दोन्ही पाय एका लयीत फिरू लागले. पायडल बदलताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हेही लक्षात ठेवावे. ते जोर लावून सुलट घुसवले की क्रँकचे आटे जातात आणि पायडल तिरके बसते.

जोर कुठे लावायचा हे शिकवता येते, पण सांगण्यापेक्षा करून दाखवल्याने लवकर कळते. पायडल माथ्यावर किंवा तळाला असताना दाबून उपयोग नसतो, कारण तो जोर फिरवण्याऐवजी क्रँकला नुसता खाली रेटतो. सर्वांत जास्त जोर क्रँक पुढे आडवा असताना कामी येतो. माथा ओलांडताच दाबायला सुरुवात करावी आणि तळाशी येताना चिखल झटकावा तसे पाऊल मागे ओढावे. मागचा पाय वर येताना तो पायडलवर ओझे म्हणून पडू न देणे पुरेसे आहे. पायडलला बूट अडकवून पाय मुद्दाम वर ओढत राहिले तर तेवढ्याच वेगासाठी शरीराची शक्ती जास्त खर्च होते, असे मोजमापांत दिसून आले आहे. घोटाही मुद्दाम खाली-वर करू नये. टाच तळाला किंचित खाली, मागे येताना किंचित वर, इतके तो आपोआप करतो.

जड दाबण्यापेक्षा हलके आणि भरभर फिरवणे गुडघ्यांना मानवते. सरावलेले चालक मिनिटाला ८० ते ९० फेरे ठेवतात, रोजच्या वाटेवर ६० ते ७० पुरेत. तळवली नाक्यावरचा २०१८ मध्ये सुरू झालेला उड्डाणपूल सायकलवाले बहुधा टाळतात, पण पुलाचा चढ असो की कारखान्याकडे जाणारा रस्ता, गिअरवाल्या सायकलवरचे बरेच जण चढ सुरू झाल्यावरच गिअर बदलतात. तोवर फेरे मंदावलेले असतात आणि सारा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. चढाच्या आधीच हलका गिअर घ्यावा. एकाच गिअरच्या सायकलला मागे दोन दात जास्त असलेले फ्रीव्हील लावता येते. खर्च थोडा येतो आणि वेग किंचित कमी होतो, पण मागे सिलिंडर किंवा दुधाच्या कॅनचे ओझे नेणाऱ्याला तो बदल पहिल्याच दिवशी जाणवतो. सिलिंडर पोचवणाऱ्यांना हे कोणी सुचवत नाही, ही फार वाईट गोष्ट आहे. सर्वांत जास्त झीज त्यांच्याच गुडघ्यांची होते.

लांब पल्ल्यात या सगळ्याची कसोटी लागते. नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये अमेरिका ओलांडणारी रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवसांची. एका फेऱ्याला ६ मीटर धरले तर हे ८ लाख फेरे होतात, आणि तिथे सीटमधली काही मिलिमीटरची चूकही लपून राहत नाही. २० तासांत ३०० किलोमीटर पुरे करायची ब्रेवे करणाऱ्या हौशी चालकांची नेहमीची तक्रार मात्र गुडघ्याची नसते, ती बधिर बोटांची असते. उन्हात तासन्‌तास गेल्यावर पाऊल सुजते आणि सकाळी घट्ट बसणारा बूट दुपारी आवळतो. बुटाचा पट्टा सैल करणे आणि तळाची पट्टी काही मिलिमीटर टाचेकडे सरकवणे या दोन गोष्टींनी बहुतेकांची बोटे परत जागी होतात.

सीट योग्य उंचीवर आली की थांबायची रीत बदलावी लागते, आणि ती शिकवल्याशिवाय दुकानातले काम पुरे होत नाही. थांबताना ब्रेक लावत एक पायडल तळाला आणावे, त्यावर उभे राहून सीटवरून पुढे उतरावे आणि दुसरा पाय जमिनीवर टेकावा. निघताना एक पायडल पुढे, जरा वर ठेवावे, त्यावर पाय देऊन सायकल पुढे ढकलत सीटवर बसावे. शिकायला एक संध्याकाळ पुरते. गावठाणाच्या गल्लीत ओळखीच्या ठिकाणी सराव केला की भीती जाते. साडी किंवा सलवार घालणाऱ्या बायकांना ही रीत आडवी नळी नसलेल्या सायकलवर लवकर येते. पुढून उतरताना कपडा अडकायला तिथे काही नसते, फक्त चेनकव्हर शाबूत हवे.

वाढत्या वयाच्या मुलांची सीट दर सहा महिन्यांनी तपासावी. पाचवी ते सातवीच्या मुलींची उंची एका वर्षात झपकन वाढते, पण सीट सायकल घेतली त्या दिवशीच्याच जागी असते आणि घरी कोणाच्या ते लक्षात येत नाही. पिलर वर घेताना त्यावर कोरलेली शेवटची खूण नळीबाहेर येऊ देऊ नये. खूण बाहेर आली तर पिलर तुटून माणूस कोसळू शकतो. अशा वेळी त्याच व्यासाचा लांब पिलर घ्यावा.

खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसात पिलर नळीत गंजून बसतो. वर्षानुवर्षे एकाच उंचीवर असलेल्या सीटी बहुतेकदा अशाच जाम झालेल्या असतात. रात्रभर तेल सोडून, सीटच धरून पिळत-पिळत त्या सोडवाव्या लागतात. म्हणून योग्य उंची सापडली की तिथे चिकटपट्टीची खूण करावी आणि पावसाळ्याआधी व पाऊस संपल्यावर असा वर्षातून दोनदा पिलर बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून त्याच खुणेवर परत बसवावा.